न्यूयॉर्क सबवेचे सिग्नल आणि रुळांकडेच्या पाट्या: फोटो काढायला नव्याने निघालेल्यांसाठी

सिग्नलचा फोटो म्हणजे अंधारातला लाल ठिपका नव्हे. तो कुठल्या मार्गावरचा, कुठल्या रुळाचा, कितव्या क्रमांकाचा सिग्नल आहे आणि त्या क्षणी तो काय सांगत होता, एवढं फोटोतून वाचता आलं तरच तो दहा वर्षांनी कामाला येतो. नव्या माणसाच्या कार्डावर सुरुवातीला ठिपक्यांचीच भरती असते. त्याचं कारण बहुतेक वेळा कॅमेरा नसतो. उभं राहायची जागा चुकलेली असते आणि समोर काय दिसतंय ते वाचता येत नसतं. म्हणून या लेखात कॅमेऱ्यापेक्षा सिग्नलला जास्त जागा दिली आहे.

घाई करायलाही कारण आहे. एल मार्गावर आणि ७ क्रमांकाच्या मार्गावर आता सीबीटीसी ही संगणकाधारित सिग्नल यंत्रणा चालते. क्वीन्स बुलेव्हार्ड, कल्व्हर असे इतर मार्गही त्याच वाटेवर आहेत. ही यंत्रणा आली की रुळांकडेचे जुने तीनरंगी सिग्नल मोठ्या संख्येने उतरतात. ज्या मार्गावर काम सुरू झालंय किंवा होणार आहे, तो आधी घ्या. बाकीचे थांबतील.

१. नियम आधी वाचा

सबवेत फोटो काढायला बंदी आहे, असं अनेकांना वाटतं. २००४ मध्ये तसा प्रस्ताव आला होता, पण पुढच्या वर्षी तो बारगळला. सबवे चालवणाऱ्या एमटीए या प्राधिकरणाच्या आचारनियमांतलं कलम १०५०.९, उपकलम सी, फोटो आणि चित्रीकरणाला स्पष्ट परवानगी देतं. अट एवढीच की दिवे, परावर्तक, ट्रायपॉड असली जोडसाधनं वापरायची नाहीत. ती वापरायची सवलत अधिकृत ओळखपत्र असलेल्या पत्रकारांना आहे, छंदिष्टांना नाही. नियमात मोनोपॉडचं नाव नाही, पण ‘असली साधनं’ या शब्दांत तोही बसवता येतो. वाद घालण्यापेक्षा तो घरी ठेवा. व्यावसायिक चित्रीकरणासाठी वेगळी परवानगी लागते.

फ्लॅशबद्दल चर्चा करत बसू नका, तो बंदच ठेवा. बोगद्यातून येणाऱ्या मोटरमनच्या डोळ्यांवर झोत पडणं धोक्याचं आहे. शिवाय सिग्नलची आणि पाट्यांची काच उजेड परत फेकते आणि फोटो पांढरा होतो. फ्लॅश बंद केला तरी फोकसला मदत करणारा छोटा दिवा अनेक कॅमेऱ्यांत चालूच राहतो. तो मेन्यूत जाऊन वेगळा बंद करावा लागतो. हे बहुतेकजण विसरतात.

आणखी एक सापळा. न्यू जर्सीकडे जाणारी पाथ रेल्वे एमटीएची नाही, पोर्ट अथॉरिटीची आहे. तिचे नियम वेगळे. मॅनहॅटनमध्ये दोन्हींची स्थानकं इतकी जवळजवळ आहेत की आपण कोणाच्या हद्दीत आलो ते कळत नाही. सबवेचा नियम तिथे दाखवून उपयोग नाही.

२. सोबत काय घ्यायचं

- हातात धरून मंद उजेडात काम देणारा कॅमेरा. बॉडीत किंवा लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर उत्तम.
- ७० ते २०० मिमीची, एफ/२.८ किंवा एफ/४ ची झूम लेन्स. उन्नत मार्गांवर ३०० मिमीपर्यंतची लांबी कामाला येते.
- पाट्यांसाठी ३५ किंवा ५० मिमीची, एफ/१.८ ची एक लेन्स.
- गळ्यात अडकवायचा पट्टा. मनगटाचा नको.
- जादा बॅटरी, जादा कार्ड, छोटी वही आणि पेन.
- कलम १०५०.९ ची छापील प्रत.
- सबवेचा नकाशा. जमल्यास रुळांची मांडणी दाखवणारा सविस्तर नकाशाही.
- भाडं भरायला ओम्नीवर (फाटकावरच्या कार्ड-वाचकावर) टॅप करता येईल असं बँक कार्ड किंवा फोन.

लेन्स फलाटावर बदलू नका. ब्रेक आणि चाकांच्या घर्षणातून उडालेली लोखंडाची बारीक धूळ हवेत असते आणि ती सेन्सरवर बसते. आज टेलिफोटोचा दिवस की पाट्यांचा, हे घरीच ठरवा.

फोनवर भागेल का? पाट्या, फलाटावरच्या खुणा आणि फलाटाला लागूनच असलेला सिग्नल, एवढं भागतं. पुढचं नाही. डिजिटल झूममध्ये क्रमांकाची पाटी विरघळून जाते आणि त्याच पाटीसाठी तर आपण गेलेलो असतो.

३. सिग्नल वाचायला शिका

साध्या स्वयंचलित सिग्नलचे तीन रंग सगळ्यांना कळतात. हिरवा म्हणजे जा. पिवळा म्हणजे सावकाश जा, पुढच्या सिग्नलला थांबायची तयारी ठेवा. लाल म्हणजे थांबा. पुढे गाडी नसेल तर हा सिग्नल हिरवाच असतो. त्याच्याजवळून गाडी पुढे गेली की तो लाल होतो आणि गाडी लांब गेली की आधी पिवळा, मग हिरवा होतो. म्हणजे एका गाडीमागे तीनही संकेत मिळतात. गाडी सुटल्याबरोबर कॅमेरा खाली घेऊ नका. खरं काम तिथून सुरू होतं.

सांध्यांजवळ, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तिथे, होम सिग्नल असतो. त्याला एकाखाली एक अशी दिव्यांची दोन डोकी असतात. वरचं डोकं पुढच्या रुळांची स्थिती सांगतं, खालचं वाट सांगतं. खाली हिरवा असेल तर मुख्य वाट, पिवळा असेल तर वळणारी वाट. म्हणून हिरव्याखाली हिरवा म्हणजे मुख्य मार्गाने मोकळं, आणि हिरव्याखाली पिवळा म्हणजे फाट्याने मोकळं. पिवळ्याखाली पिवळा म्हणजे फाट्याने, पण जपून. लालाखाली लाल म्हणजे पूर्ण थांबा. त्याच्याही खाली तिसरा पिवळा लागला तर तो ‘कॉल-ऑन’: मोटरमनने थांबून बटण दाबायचं आणि अत्यंत हळू, कुठेही थांबायच्या तयारीने पुढे जायचं. हा संकेत क्वचित दिसतो. दिसला तर हातातलं काम सोडून आधी तो टिपा.

होम सिग्नल आपोआप उघडत नाही, त्याला वाट लावून द्यावी लागते. त्यामुळे पुढे रिकामे रूळ असूनही तो लालाखाली लाल राहू शकतो. ‘सिग्नल बिघडलाय’ म्हणून निघून जाऊ नका. यानंतरची गाडी जवळ आली की तो बदलेल.

नव्यांना सगळ्यात जास्त गोंधळात टाकतात ते वेळनियंत्रित सिग्नल. उतारावर, वळणाआधी किंवा फलाटाच्या तोंडाशी ते बसवलेले असतात. ते मुळातच लाल असतात. गाडी ठरलेल्या वेगाने किंवा त्याहून हळू आली तरच मोटरमनच्या डोळ्यांसमोर ते उघडतात. कुठेही गाडी नाही, सांधा नाही, तरीही सिग्नल लाल आहे, असं दिसलं की जवळपास ‘टी’ अक्षर आणि खाली आकडा असलेली पाटी शोधा. तो आकडा ताशी मैलांतला वेग. सिग्नल आणि ही पाटी एकाच चौकटीत आले तर फोटो स्वतःच स्वतःचं स्पष्टीकरण देतो.

आता क्रमांकाची पाटी. स्वयंचलित सिग्नलच्या पाटीवर सहसा मार्गाचं अक्षर, रुळाचा आकडा आणि त्याखाली अंतराचा आकडा असतो. इंडिपेंडंट विभागात (अक्षरी गाड्यांच्या दोन जुन्या विभागांपैकी एक) आठव्या अव्हेन्यूच्या मार्गाचं अक्षर ए, सहाव्याचं बी, क्वीन्स बुलेव्हार्डचं डी. ही अक्षरं आणि गाड्यांवरची अक्षरं यांचा संबंध नाही. डी गाडी आणि डी अक्षराचा रूळ या दोन वेगळ्या गोष्टी, आणि नोंदी इथेच घसरतात. अंतराचा आकडा शंभर फुटांच्या हिशेबात असतो. समजा पाटीवर २५० आहे, तर तो सिग्नल त्या मार्गाच्या शून्यबिंदूपासून सुमारे २५,००० फुटांवर, म्हणजे साधारण साडेसात किलोमीटरवर आहे. होम सिग्नलच्या पाटीवर क्रमांकाआधी एक्स असतो आणि तो आकडा अंतराचा नसून सिग्नल टॉवरमधल्या तरफेचा असतो.

रुळांचे आकडेही पाठ करून ठेवा. चार रुळांच्या मार्गावर १ ते ७ क्रमांकांच्या गाड्यांच्या विभागात दक्षिणेकडचा धीमा १, दक्षिणेकडचा जलद २, उत्तरेकडचा जलद ३, उत्तरेकडचा धीमा ४. अक्षरी गाड्यांच्या विभागात सर्वसाधारणपणे दक्षिणेकडचा धीमा १, उत्तरेकडचा धीमा २, मग दोन जलद: ३ दक्षिणेकडे, ४ उत्तरेकडे. दोन्हींची सरमिसळ केली तर पूर्ण अल्बम उलटा लागतो.

सिग्नलच्या पायथ्याशी रुळालगत ‘टी’ आकाराचा लोखंडी दांडा दिसेल. तो ट्रेन-स्टॉप. सिग्नल लाल असताना वर उभा, उघडला की खाली. गाडीने लाल सिग्नल ओलांडला तर हा दांडा डब्याखालच्या ट्रिप-कॉकला (ब्रेकच्या झडपेला) लागतो आणि आणीबाणीचे ब्रेक बसतात. सिग्नलचं डोकं, पाटी आणि दांडा तिन्ही एका उभ्या चौकटीत घ्या. एकदा लाल असताना, एकदा उघडल्यावर. सिग्नलच्या फोटोंत यापेक्षा उपयोगी जोडी नाही.

सीबीटीसीच्या मार्गांवर लुकलुकणारा हिरवा दिसेल. तो दिवा बिघडलेला नसतो. सीबीटीसीवर चालणाऱ्या गाडीला तो ‘जा’ म्हणतो. एका फोटोत लुकलुकणं कळत नाही, त्यामुळे तिथे पाच-सहा सेकंदांचा व्हिडिओ घ्या.

४. उभं कुठे राहायचं

सिग्नलचा चेहरा येणाऱ्या गाडीकडे असतो. म्हणून गाडी ज्या दिशेला जाणार, त्या बाजूच्या फलाटाच्या टोकाशी जा आणि त्याच दिशेला बघा. तिथून त्या रुळाचे पुढचे सिग्नल तुमच्याकडे तोंड करून दिसतील. त्याच टोकावरून समोरच्या, उलट्या दिशेच्या रुळावर फक्त सिग्नलांच्या पाठी दिसतात. नवा माणूस जिन्याने उतरतो, जवळचं टोक गाठतो आणि अर्धा तास पाठींचे फोटो काढतो.

फलाट लांब असतात. अक्षरी विभागातली पूर्ण गाडी ६०० फुटांची, आकडी विभागातली साधारण ५१० फुटांची. गाडी बाहेर पडायचं टोक कुठलं, हे नकाशावर आधी पाहिलं तर पायपीट वाचते.

पूर्वी पहिल्या डब्याच्या पुढच्या खिडकीतून रूळ दिसायचे. जानेवारी २०२२ मध्ये आर३२ प्रकारचे जुने डबे निवृत्त झाले आणि ती सोय जवळजवळ संपली. आताच्या गाड्यांत मोटरमनची केबिन डब्याच्या पूर्ण रुंदीची असते. केबिनच्या दाराला कॅमेरा लावून उभं राहू नका.

मर्यादा कडक पाळा. फलाटाच्या कडेची पिवळी, उंचवट्यांची पट्टी ही शेवटची रेषा. पाय, कोपर, लेन्स, काहीही तिच्यापुढे नाही. फलाटाच्या टोकाच्या फाटकापलीकडची अरुंद वाट कर्मचाऱ्यांसाठी आहे. फाटक उघडं असलं तरी पलीकडे जाणं गुन्हा आहे. तिसऱ्या रुळात ६२५ व्होल्टचा डीसी प्रवाह असतो. लेन्सचं झाकण खाली पडलं तर ते गेलं असं समजा. महागाची वस्तू पडली तर कर्मचाऱ्याला सांगा, ते काढून देतात. स्वतः उतरायचा विचारही नको.

जलद गाडी न थांबता जाते तेव्हा फलाटावर वाऱ्याचा लोंढा येतो. डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असताना तोल जातो. खांबाला टेकून उभे राहा. त्याने हातही स्थिर राहतो. खांबाच्या मागे दडून मात्र काही करू नका. मोटरमनला तुम्ही लांबूनच नीट दिसलात तर त्याला धास्ती वाटत नाही.

५. कॅमेऱ्याची मांडणी

भुयारी स्थानकात सुरुवात इथून करा: एफ/२.८, १/१२५ सेकंद, आयएसओ ३२००, रॉ फाइल. ऑटो एक्स्पोजर काळ्या बोगद्याला उजळ करायला जातो आणि दिवा जाळून टाकतो. लाल दिवा मध्यभागी पिवळट-पांढरा आणि भोवती गुलाबी दिसला, तर समजा एक्स्पोजर जास्त झालंय. एकत्रित हिस्टोग्राम हे लपवतो, कारण फक्त लाल रंगाचीच बाजू कापली गेलेली असते. तीन रंगांचा वेगळा हिस्टोग्राम लावा आणि गरजेप्रमाणे एक ते दोन स्टॉप खाली या. सावल्या नंतर उचलता येतात, जळालेला रंग परत येत नाही.

दिव्याला धरलं तर पाटी काळी पडते, पाटीला धरलं तर दिवा जळतो. दोन्ही हवं असेल तर एकाच जागेवरून लागोपाठ दोन फोटो घ्या, एक दिव्यासाठी, एक पाटीसाठी. हातात धरलेल्या कॅमेऱ्यातले दोन फोटो नंतर जोडण्याचा खटाटोप फारसा यशस्वी होत नाही. वेगवेगळे ठेवले तरी नोंद पूर्ण होते.

शटर १/१२५ पेक्षा वेगवान केलं तर काही नळ्या आणि एलईडी दिवे फोटोत पट्टे उमटवतात किंवा चक्क विझलेले दिसतात. इथला वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे, त्यामुळे १/६० आणि १/१२५ हे दोन वेग सुरक्षित. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवू नका. लाल सिग्नल चौकटीत मोठा आला की कॅमेरा बाकी सगळं निळसर करून ठेवतो. ४००० केल्विनला बांधून टाका. फोकस दिव्यावर नको, क्रमांकाच्या पाटीच्या कडेवर घ्या. दिव्याच्या तेजोवलयावर ऑटोफोकस अडखळतो.

उन्नत मार्गांवर उलटी अडचण. दिवसा दिवे फिके पडतात आणि जुन्या काचेत ऊन शिरलं तर न लागलेला रंगही लागल्यासारखा भासतो. सूर्य तुमच्या मागे नसलेली वेळ निवडा. ढगाळ दिवस किंवा सूर्यास्तानंतरची वीस-पंचवीस मिनिटं सगळ्यात चांगली: आकाशात उजेड असतो, पाटी वाचता येते आणि दिवाही जळत नाही.

६. पाट्या आणि खुणा

- काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची फळी: फलाटाच्या मध्यावर, कंडक्टरच्या (गाडीची दारं उघडणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) खिडकीसमोर. गाडी नीट जागी थांबली याची खात्री म्हणून कंडक्टर तिच्याकडे बोट दाखवतो. ही पद्धत १९९६ पासून आहे. फळी रिकामी असताना एक फोटो पुरे. कंडक्टरचा चेहरा येत असेल तर आधी खुणेने विचारा.
- थांब्याचे आकडे: ८, १० वगैरे. तितक्या डब्यांच्या गाडीने कुठे थांबायचं ते सांगतात. एस असेल तर सगळ्या गाड्यांसाठी.
- लाल-पांढऱ्या तिरक्या पट्ट्या: या बाजूला माणसाला उभं राहायला जागा नाही. बोगद्याच्या तोंडाशी दिसतात.
- निळा दिवा: तिथे आणीबाणीची पेटी आणि टेलिफोन आहे. बोगद्यात दूरवर निळा ठिपका दिसतो तो हाच. सिग्नल म्हणून नोंदवू नका.
- कामगारांचे पिवळे, हिरवे, लाल दिवे: रुळांवर काम चालू असताना लावलेले तात्पुरते. शनिवार-रविवारी जास्त दिसतात. फोटो घ्या, पण कामगारांच्या आड येऊ नका.

इनॅमलच्या आणि काचेच्या पाट्या समोरून घेतल्या तर दिव्याची चमक येते. दहा-पंधरा अंश बाजूला सरका. एक फोटो फक्त पाटीचा, एक आजूबाजूच्या खांबांसह. दुसरा नसेल तर पाटी नेमकी कुठे होती हे वर्षभराने तुम्हालाही सांगता येणार नाही.

७. पहिल्यांदा कुठे जायचं

न्यूयॉर्क ट्रान्झिट म्युझियम. ब्रुकलिनमध्ये, १९४६ साली बंद झालेल्या कोर्ट स्ट्रीट स्थानकात ते १९७६ पासून आहे. तिथे सिग्नल टॉवरही आहे. बाहेर जे लांबून पाहायचं, ते इथे हाताच्या अंतरावर दिसतं. उघडण्याच्या वेळा आणि फोटोंचे नियम आधी पाहून जा.

त्यानंतर मर्टल अव्हेन्यू, ब्रुकलिन. जे, एम आणि झेड गाड्या. मॅनहॅटनकडून आलेली एम इथून पुढे जे-झेडचा मार्ग सोडून वळते, तेही एकाच पातळीवर रूळ ओलांडत. मॅनहॅटनपासून दूर जाणाऱ्या फलाटाच्या पुढच्या टोकाला उभं राहून एक जे आणि एक एम जाऊ दिली, की मुख्य वाट आणि फाटा यांतला फरक डोळ्यांसमोर येतो. होम सिग्नल शिकायला याहून चांगली जागा सुचवणं कठीण आहे.

क्वीन्सबरो प्लाझाला सीबीटीसीवर चालणारी ७ आणि जुन्या पद्धतीच्या सिग्नलांवर चालणाऱ्या एन, डब्ल्यू शेजारी शेजारी मिळतात. कोनी आयलंडच्या स्टिलवेल अव्हेन्यूला आठ रुळांचं अंतिम स्थानक आहे. फलाटांच्या उत्तर टोकाला होम सिग्नलांची गर्दी असते आणि गाड्या तिथून सुटत असल्याने वेग कमी, वेळ भरपूर. स्मिथ–नाइन्थ स्ट्रीट्स जमिनीपासून ८७.५ फूट उंचीवर आहे. एफ आणि जी गाड्या, उघडं आकाश. थंडीत वारा बोचरा असतो, बिनबोटांचे हातमोजे ठेवा.

गर्दीच्या वेळा टाळा, पण फार रिकामी वेळही नको. गाड्या कमी झाल्या की सिग्नल बदलत नाहीत. आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी दहा ते दुपारी तीन ठीक. शनिवार-रविवारी मार्ग बदललेले असतात. निघण्याआधी सेवा-बदल पाहा.

८. कोणी हटकलं तर

कॅमेरा खाली घ्या, मग बोला. ‘सिग्नलांचे फोटो काढायचा छंद आहे’ एवढं पुरतं. छापील कलम दाखवा, पण समोरच्याच्या नाकासमोर फडकवू नका. कर्मचारी जागा सोडायला सांगत असेल, विशेषतः काम चालू असताना, तर सोडा. सुरक्षेचं कारण तुम्हाला दिसेलच असं नाही. फोटो पुसायला सांगितलं तर पुसण्याची सक्ती नाही, हे शांतपणे सांगता येतं. तिथेच भांडून निकाल लागत नाही. तारीख, वेळ, स्थानक लिहून घ्या आणि नंतर तक्रार करा. एकाच स्थानकात तासन्‌तास रेंगाळणंही टाळा.

९. त्याच दिवशी नोंद

फाइलच्या नावात हा क्रम ठेवा: तारीख, मार्ग, स्थानक, रूळ, दिशा, सिग्नल क्रमांक, संकेत. बोगद्यात जीपीएस चालत नाही, त्यामुळे फोनने लावलेलं ठिकाण चुकीचं असू शकतं. प्रत्येक स्थानकात उतरल्यावर पहिला फोटो स्थानकाच्या नावाच्या पाटीचा घ्या, म्हणजे पुढचे सगळे कुठले ते आपोआप कळतं.

तारीख हा नोंदीतला सगळ्यात महत्त्वाचा रकाना. २०१८ पासून वेळनियंत्रित सिग्नलांची तपासणी होऊन अनेक ठिकाणच्या वेगमर्यादा वाढवल्या गेल्या. म्हणजे एकाच जागच्या पाटीवर दोन वर्षांत दोन वेगळे आकडे असू शकतात, आणि दोन्ही बरोबर. जुना फोटो चुकीचा समजून काढून टाकू नका. क्रमांक वाचता येत नसलेला सिग्नल ‘अनोळखी’ या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. त्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा क्रमांक मिळाला की मधला अंदाजाने लागतो. मग पुन्हा तिथे जाऊन पाटीची खात्री करून घ्या.